बुधवारपर्यंत टिकणारा डाग

पुयसेरां, ९ नोव्हेंबर १९९९

पेयो इरिगोयेन यास,

तू मला पाहिलं आहेस, पण फक्त टाळूच्या बाजूने. रविवारी आमच्या रग्बीच्या मैदानावर, स्क्रमच्या पहिल्या रांगेत, ज्या डाव्या खांबाला तू ऐंशी मिनिटं चिखलात पेरलंस, तो मी, जेरोम लाबात. वय बावीस, पहिल्या संघातला पहिलाच सामना. स्क्रममध्ये दर वेळी आठांवर आठ भिडले की माझं डोकं तुझ्या छातीखाली जायचं आणि परत वर यायचं नाव घ्यायचं नाही.

पत्र लिहायचं कारण आई आहे. क्लबच्या स्वयंपाकघरात तीच रांधते. आमच्याकडे सामना संपला की ज्याच्या खांद्याला खांदा लावला त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून जेवायचं, ही पद्धत आहे. मी मागच्या दाराने पळालो. लाज वाटली, दुसरं काय. आईने तुझ्यासमोर रिकामी खुर्ची पाहिली, तरी तिथे माझं ताट वाढलं, आणि ते गार झालेलं सूप डब्यात भरून घरी आणून माझ्यापुढे आदळलं.

मी म्हणालो, आता आम्हाला पगार मिळतो, आता कुठे राहिल्यात त्या जुन्या रीती. ती म्हणाली, "पगार खेळायचा मिळतो. उद्धटपणाचा नाही मिळत. तोंडाने माफी मागायला लाजतोस, तर लिहून माग."

तर माफ कर. सोबत चरबीत मुरवलेल्या बदकाची बरणी पाठवतो आहे. मंद आचेवर गरम कर, घाई करू नकोस.

जेरोम


एस्पेल्डो, २ डिसेंबर १९९९

जेरोम,

बरणी तीन मिनिटांत संपली. माफी मंजूर. अशीच माफी दर सामन्यानंतर मागत जा.

तुझ्या आईला सांग, समोरच्या खुर्चीशी मी गप्पा मारल्या. फार शांत माणूस होता. तुमच्या गावात मला एकच गोष्ट खटकली. सामन्याआधी बुटाची नाडी बांधायला मी त्या चिनाराखालच्या लांब बाकावर टेकलो, तर एका म्हाताऱ्याने काठीने माझ्या बरगडीत ढोसलं आणि उठवलं. बाक रिकामा होता, लेका. मी काय तो खाणार होतो?

आणि तू समजतोस तसं काही नाही. तुझे पाय कच्चे आहेत, पाठ तर शाळकरी मुलाची आहे. पण तुझी डावी मूठ. माझ्या उजव्या काखेखाली तू जर्सी धरलीस ती कातडीसकट. रविवारी घरी येऊन पाहिलं तर तिथे चार बोटांचा निळा डाग. मी म्हटलं, उद्या जाईल. सोमवारी होता, मंगळवारी होता. बुधवारी दुपारी गेला. मला इतक्या जणांनी धरलं आहे, पण बुधवारपर्यंत कुणी टिकलं नाही.

पाय वाकवून उभा राहायला शीक. वसंतात तू आमच्याकडे येशील तेव्हा तुला पुन्हा पेरतो. पुढच्या मोसमात मात्र मी इथे नसेन. दुसऱ्या गावच्या क्लबने बोलावलं आहे, जातोय.

पेयो


पुयसेरां, २६ मे २००४

पेयो,

तुझा हा तिसरा क्लब ना? की चौथा? आई दर वेळी विचारते, या वेळी तो कुठल्या रंगात येणार, म्हणजे तिला गर्दीत तुला शोधायला सोपं जाईल. मी सांगतो, आई, स्क्रममध्ये चिरडलेल्या कानांवरून ओळख.

तुला एक सांगायचं होतं. मोठ्या शहराच्या क्लबने मला विचारलं. त्यांचा माणूस आमच्या घरी येऊन बसला, आईच्या हातचं जेवला, आणि म्हणाला की इथे राहिलास तर आयुष्यभर दुसऱ्या विभागात चिखल तुडवशील. खरं आहे ते. मी त्याला दोन दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. अदूर नदीवरून धुकं आलं होतं. आमच्याकडे ते येतं तेव्हा आधी नदी जाते, मग झाडं, मग गोलाचे खांब. मी मधोमध उभा राहिलो तर मला माझे पाय दिसेनात. कुठेतरी बँडवाला पोरगा ढोल बडवत होता, आवाज चारी बाजूंनी येत होता. मला वाटलं, मी इथे सात वर्षांचा आहे आणि पन्नास वर्षांचा आहे, एकाच वेळी. भीती नाही वाटली. फार बरं वाटलं.

मला एक स्वप्न पडतं, पेयो, दुपारी जेवून पडलो की. आपला स्क्रम लागलेला असतो, आणि पंच शिट्टी वाजवायला विसरतो. कुणी ढकलत नाही. सोळा माणसं एकमेकांत गुंतलेली, तशीच नदीवर तरंगत खाली चाललेली. आत तो नेहमीचा अंधार, गवताचा वास, सगळ्यांची वाफ. माझ्या हातात तुझी जर्सी. बाहेरून आई जेवायला हाका मारते आणि कुणालाच घाई नसते.

तर मी नाही म्हणून कळवलं. ज्या बाकावरून तुला उठवलं होतं, तो बाक ठाऊक आहे ना? त्यावर बसायला एकच अट आहे. ज्याने आयुष्यात पुयसेरांची जर्सी सोडून दुसरी अंगाला लावली नाही, तोच बसतो. सध्या पाच जण आहेत. लुसियें काका, तोच काठीवाला, सगळ्यांत वडील. तोही डावा खांब होता. मला तिथे बसायचं आहे. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा, हस हवं तर.

जेरोम


मोंब्राक, १४ जून २००४

जेरोम,

हसलो. बायकोला वाचून दाखवलं, तीही हसली, मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ परत आली नाही. तिला तीन घरं लावावी लागली आहेत माझ्यापायी.

मला स्वप्नं पडत नाहीत. मी जेवतो जास्त. पण एक कबूल करतो. माझ्या पेटीत तीन क्लबांच्या जर्सी आहेत. गाडी पुसायला जुना कपडा हवा होता, म्हणून परवा पेटी उघडली. पहिली उचलली, दुसरी उचलली. तिन्ही सारख्याच परक्या वाटल्या. शेवटी बायकोचा जुना टॉवेल घेतला. तुझ्यावर ही पाळी येणार नाही.

तू राहिलास ते बरं केलंस. मी कुठल्याही रंगात असलो तरी वर्षातून दोनदा तू त्याच जागी, डावीकडे, सापडतोस. माणसाला रस्त्यात एखादं ओळखीचं झाड लागतं.

जाऊ दे, फार हळवं झालं. तुझे पाय अजूनही कच्चेच आहेत.

पेयो


सें-व्हालिये, २० ऑक्टोबर २०१०

जेरोम,

हे पत्र मी सोमवारी लिहायला घेतलं आणि फाडलं. काल पुन्हा फाडलं.

रविवारी आपण खेळलो. तुम्ही हरलात, जेवलो, तुझ्या आईने मला दोनदा वाढलं, सगळं नेहमीसारखं. घरी येऊन शर्ट काढला आणि सवयीने आरशात बघितलं. डाग नव्हता.

अकरा वर्षांत असं झालेलं नाही. मी दिव्याखाली जाऊन पाहिलं. काही नाही. मग बसून आठवायला लागलो. पहिल्या तीन स्क्रममध्ये तुझी मूठ होती. नंतर बोटं नुसती लागत होती, धरत नव्हती. शेवटच्या दोन वेळा तू मला हाताने धरलंच नव्हतंस, कोपर अडकवून ठेवलं होतंस. तुमच्या लोकांच्या ते लक्षात आलेलं नाही. पंचाच्याही नाही. ते कळायची जागा जगात एकच आहे, माझ्या काखेखाली.

आमच्या क्लबमधल्या एका पोराचं असंच झालं होतं. हातात काही नसतं. मानेत असतं. मान दाखव, गड्या. या आठवड्यात दाखव.

पेयो


पुयसेरां, ५ नोव्हेंबर २०१०

पेयो,

थंडी होती त्या दिवशी. बोटं गारठली होती. वय झालं, इतकंच.

आणि एक विचारू? तुझ्या क्लबला वरच्या विभागात चढायचं आहे, आम्हाला खालच्यात पडायचं नाही. मोसमाचा शेवटचा सामना पंधरा मेला, आमच्याच मैदानावर, आपला आपल्यातच आहे. माझ्या जागी जो पोरगा येईल तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याला तू दहा मिनिटांत गुंडाळशील, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा माझ्या मानेची काळजी नेमकी तुलाच का लागावी?

माझा हा शेवटचा मोसम आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतोय. क्लब खाली पडलेला असताना मला त्या बाकावर बसायचं नाही. लुसियें काकाच्या शेजारी कुठल्या तोंडाने बसू? मोसम संपला की दुसऱ्या दिवशी मान दाखवीन. वचन देतो. तोवर हा विषय नको.

जेरोम


सें-व्हालिये, २ मार्च २०११

जेरोम,

चार महिने झाले, मी उत्तर दिलं नाही. रागावलो होतो. आता नाही.

तुमच्या डॉक्टरला मी फोन करणार होतो. दोनदा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. स्क्रमच्या आतलं बाहेर सांगायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय ना. ते या बाबतीत बरोबर आहे की चूक, मला कळत नाही. डॉक्टरला सांगितलं तर तुझा बाक जाईल. नाही सांगितलं तर काय जाईल, ते माझ्याने लिहवत नाही.

पंधरा मेला भेटू. वचन लक्षात ठेव.

पेयो


पुयसेरां, १७ मे २०११

पेयो,

एकोणीस-सोळा. मी अजून जमिनीवर आलेलो नाही.

सकाळी धुकं होतं, ते तुम्ही आलात तेव्हाही उठलं नव्हतं. लोक दिसत नव्हते, नुसता ढोल आणि खोकले. मला वाटलं हे मी आधी पाहिलंय. मग आपण भिडलो. पहिल्यांदा तू नेहमीचा होतास, म्हणजे घर अंगावर पडल्यासारखा. पण दुसऱ्या अर्ध्यात काय झालं रे? माझा हात गेला होता, खोटं कशाला बोलू. खांद्यापासून खाली काही नव्हतंच. मी डोळे मिटले आणि ते स्वप्न सुरू झालं. अंधार, गवत, वाफ, आणि कुठेही वजन नाही. मी पाय टाकत गेलो आणि तू मागे गेलास. तू. पाच पावलं. पुन्हा लागला, पुन्हा मागे. पंचाने शिट्टी मारून तुझ्याकडे बोट केलं तेव्हा मला वाटलं मी झोपेत ऐकतोय. त्याच पेनल्टी किकवर आम्ही जिंकलो.

बारा वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली. तुला एकदा तरी मागे ढकलायचं होतं, आणि ते नेमकं त्या दिवशी जमलं.

जेवताना तुझ्या लोकांपैकी कुणी तुझ्याशी बोलत नव्हतं, ते पाहिलं. वाईट वाटलं. तू ताटात नाक घालून बसला होतास. मी खूप बडबडलो, माफ कर. आईने तुला बांधून दिलेली बरणी तू खुर्चीवरच विसरलास. ती सोबत पाठवतोय.

नोव्हेंबरात नको ते लिहिलं होतं, ते विसरून जा. मी राहिलो, पेयो. शेवटपर्यंत एकच जर्सी.

जेरोम


सें-व्हालिये, २४ मे २०११

जेरोम,

अभिनंदन. हो, ढकललंस तू.

आता मान दाखव. मोसम संपून नऊ दिवस झाले, तू म्हणाला होतास दुसऱ्या दिवशी. आईला सांग, बरणी पोचली.

आमचं ठीक आहे. बहुतेक गावाला, एस्पेल्डोला, परत जाऊ. भावाच्या मेंढ्या वाढल्या आहेत आणि चीज करायला हात कमी पडतात. तसंही छत्तीस वर्षांचा झालो.

पेयो


पुयसेरां, २५ सप्टेंबर २०११

पेयो,

हे मी उजव्या हाताने लिहितोय, तसा मी नेहमीच उजव्यानेच लिहितो. पण हल्ली डावा कागद धरायला येत नाही, म्हणून ओळी तिरक्या जातात. मे महिन्यात मान दाखवली. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. गळ्यात पट्टा होता तो मागच्या आठवड्यात निघाला.

डॉक्टरबाईंनी फोटो दिव्यावर लावला आणि विचारलं, शेवटचा सामना कधी खेळलास? मी तारीख सांगितली. त्यांनी फोटोतल्या मणक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, त्या दिवशी एकदा जरी स्क्रम कोसळला असता, तरी तू इथे चालत आला नसतास. 

स्क्रम कोसळला नाही, म्हणजे माझं नशीब, असं मी तीन महिने समजत होतो. आता ऐक.

मोसमाच्या पहिल्या रविवारी मला बाकावर बसवलं. आई आली होती. लुसियें काका त्र्याऐंशी वर्षांचा झालाय, सामना सुरू झाला की त्याला डुलकी लागते, स्क्रम लागला की आपोआप जाग येते. मी त्याला पंधरा मेची गोष्ट रंगवून सांगत होतो, तुला कसं पाच पावलं नेलं ते. त्याने डोळेही उघडले नाहीत.

म्हणाला, "तू नाही ढकललंस. तुला उचलून नेलं."

मी म्हटलं, काका, तुम्ही झोपला असाल. तो म्हणाला, "मी त्या बास्काचं, तुझ्या पेयोचं, कोपर बघत होतो. खांब ढकलतो तेव्हा कोपर खाली असतं. त्याचं वर होतं, तुझ्या पाठीला मूठ घालून. पंधरा मिनिटं तो दोन माणसांचं वजन घेऊन मागे चालत होता. आम्ही पाचही जणांनी पाहिलं. आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे."

पेयो, मला ठाऊक नव्हतं.

मी घरी आलो आणि तुझी सगळी पत्रं काढली. माझं नोव्हेंबरातलं माझ्याकडे नाही, पण त्यातला शब्द न शब्द मला पाठ आहे. तुझ्यावर घेतलेला तो संशय मला रोज आठवतो. आणि मग वर्तमानपत्रात शोधलं. सें-व्हालियेने तुला जूनमध्ये काढलं. तू मला मेंढ्या सांगितल्यास.

माझी लाज मी तुला कशी दाखवू? पळून जायला आता मागचं दारही नाही, कारण आई सगळं जाणते. मी सांगितलं तेव्हा ती तिखट लावून वाळवलेली डुकराची मांडी कापत होती. सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हणून त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता."

बाकावर चार रविवार वाद चाललाय. दोघं म्हणतात, नियम म्हणजे नियम, पाच जर्सी घातलेला माणूस बसू शकत नाही. लुसियें काका म्हणतो, "नियम जर्सी न सोडणाऱ्यांसाठी आहे. त्याने आपली जर्सी मुठीत धरली आणि सोडली नाही. आणखी काय हवं?" काल शेवटी ठरलं. सोळा ऑक्टोबरला ये. रविवार आहे. आई सकाळपासून सूप ठेवणार आहे.

जेरोम


एस्पेल्डो, १८ ऑक्टोबर २०११, मंगळवार

जेरोम,

आधी एक स्पष्ट करतो, ते परवा तुझ्या गावकऱ्यांसमोर बोलता आलं नाही. मला संत करू नका. माझ्या पाठीमागे सात जण जीव खाऊन ढकलत होते, आणि त्यांचा सगळा जोर मी माझ्यापाशीच जिरवला. त्यांनाही त्या सामन्याची तितकीच आस होती. ते मला शिव्या देतात त्या खऱ्या आहेत. मी त्यांना फसवलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फसवीन. पण त्यामुळे ते बरोबर ठरत नाही. हे मी माझ्यापाशी ठेवून जगणार आहे, तुला त्यात वाटा नाही.

मी तुला सांगितलं नाही, कारण तू फार आनंदात होतास. बारा वर्षं तुला पेरलं, एक दिवस तरी तुला तो आनंद मिळू दे म्हटलं. त्या म्हाताऱ्याला गप्प बसता आलं असतं.

आता परवाचं. तुझ्या काकाने पुन्हा बरगडीत काठी ढोसली. त्याच जागी. मी उठायलाच लागलो होतो, तेव्हा कळलं की तो बस म्हणतोय.

मग ऊन पडलं. धुकं नदीकडे परत गेलं. स्क्रम लागत होते, उठत होते, आणि मधूनमधून बाकावरचा एकेक माणूस झोपी जात होता. मला वाटलं, जागं राहणं माझं कर्तव्य आहे, पाहुणा आहे मी. तेवढ्यात तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तू घोरत होतास. तुझी आई पलीकडून बघत होती, तिने बोट ओठावर ठेवलं. मी हललो नाही. आणि झोपेत तुझा डावा हात चाचपडत माझ्या काखेखाली आला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या ना, हाताची पकड परत येईल किंवा येणार नाही. शर्ट शोधला त्याने आणि धरला. मग कधीतरी मलाही झोप लागली. मला स्वप्नं पडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पण आपण खाली चाललो होतो, नदीवरून, आणि कुणी हाका मारत होतं.

घरी येऊन शर्ट काढला. बायकोला म्हटलं, जरा दिवा धर.

चार बोटांचा आहे. अगदी फिकट, कुणाला दाखवला तर दिसणारही नाही. काल होता. आज सकाळी फळीवरचे चीजचे गोळे उलटून आल्यावर पुन्हा पाहिलं, अजून आहे.

उद्या बुधवार.

पेयो